राक्षस, कुकर आणि पाचशे प्रती

"वहिनी, तुम्हाला हे सगळं सुचतं तरी कधी हो?" शेजारच्या बाई विरजण मागायला आल्या होत्या. माझे हात कणकेत होते, कुकरची दुसरी शिट्टी झाली होती आणि आत लेक ओरडत होती, की तिचा निळा पायमोजा कुणीतरी लपवला आहे. मी म्हटलं, "पाणी भरताना."

बाई हसल्या. त्यांना वाटलं, मी चेष्टा केली. पण उत्तर शंभर टक्के खरं होतं.

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत पहाटे साडेपाचला नळाला पाणी येतं आणि साडेसहाला जातं. उन्हाळ्यात कधीकधी सहालाच जातं. पिंप, दोन बादल्या, पिण्याचा हंडा, मग वॉशिंग मशीन, हा क्रम ठरलेला. एका पहाटे नळ नुसताच फुसफुसत होता. त्याच्याकडे बघत उभी असताना मनात आलं, की खाली कुठेतरी, फार खोल, कुणीतरी बसलेलं असणार आणि तेच ठरवत असणार, कुणाच्या घरी किती पाणी सोडायचं ते. तिथून सगळं सुरू झालं. लहानपणी वडिलांबरोबर नाणेघाटात गेले होते, तिथली कातळात कोरलेली पाण्याची टाकी आठवली. एका किल्ल्यावर सहा टाकी आहेत, सातवं कुणाला दिसत नाही, आणि त्या सातव्याच्या तळाशी एक राणी पाण्याचा हिशेब ठेवून बसली आहे... अशी ती कादंबरी. नाव ‘सातव्या टाक्याखालचं राज्य’. अद्भुतकथा, फँटसी, राक्षसांच्या गोष्टी, काय म्हणायचं ते म्हणा. आमचे हे तिला ‘तुझं ते खालचं प्रकरण’ म्हणतात.

गेल्या काही महिन्यांत या स्तंभाच्या वाचकांपैकी निदान पाच-सहा जणींनी विचारलं, की नोकरी, घर आणि लिखाण यांचा मेळ कसा घालायचा? त्यातल्या दोघी माझ्यासारख्याच राजकन्या आणि मायावी आरसे यांत रमणाऱ्या आहेत. तेव्हा आज आपलंच रामायण सांगते. पण त्यातला लिहिण्याचा भाग सोपा निघाला, हे आधीच सांगून ठेवते. अवघड निघालं ते वेगळंच.

लिहिण्याचा हिशेब साधा आहे. मी दादरला एका पतपेढीत आहे. सकाळची फास्ट लोकल सोडून दिली आणि डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो धरली. पंधरा-वीस मिनिटं जास्त जातात, पण रांगेत लवकर उभं राहिलं तर बसायला मिळतं. दादरपर्यंत तास-सव्वा तास. त्यात डब्यातल्या गप्पा, कुणाचा तरी वाढदिवसाचा पेढा, समोरच्या बाईंच्या मेथीची निवडामेथी यांतून माझ्या वाट्याला चाळीस मिनिटं येतात. चाळीस मिनिटांत दोनशे शब्द होतात. वर्षातले सगळे दिवस काही सारखे नसतात. गणपती, मुलीची परीक्षा, मार्चअखेर, मुसळधार पाऊस हे वजा केलं तर मला वर्षाला एकशेवीस दिवस मिळाले. म्हणजे चोवीस हजार शब्द. साठ हजार शब्दांची कादंबरी अडीच वर्षांत झाली आणि ती पुन्हा धड करण्यात आणखी दीड वर्ष गेलं. एकूण चार वर्षं. वेळ मिळत नाही असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी ही बेरीज करून दाखवते, तेव्हा त्या म्हणतात, "बापरे, चार वर्षं!" अहो, लिहिलं नसतं तरी चार वर्षं गेलीच असती की.

वही मात्र मी दुधाच्या हिशेबाची वापरली. पुढून दूध, मागून राणी. याचा एक फायदा अनपेक्षित होता. अद्भुतकथेत काहीही घडू शकतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती कधी लिहून पाहिलेली नसते. सामाजिक कादंबरीत बसचं तिकीट किती हे लेखिकेला सांगावं लागत नाही, वाचकाला ते माहीत असतं. राणीच्या राज्यात एक हंडा पाण्याची किंमत काय, हे मलाच ठरवावं लागतं आणि एकदा ठरवलं की शेवटच्या पानापर्यंत पाळावं लागतं. सहाव्या प्रकरणात एका हंड्याला एक आठवण द्यावी लागते असं म्हटलं, तर अठराव्या प्रकरणात नायिकेला फुकट पाणी देऊन चालत नाही. दुधाचे खाडे जसे मांडायचे, तसेच मी राणीचे हंडे मांडत होते. गवळ्याशी महिनाअखेरीला भांडून भांडून जो हिशेबीपणा अंगात मुरला, तो या पुस्तकाला जेवढा उपयोगी पडला तेवढं दुसरं काही पडलं नाही.

मग टायपिंग. मोबाइलवर बोलून टाईप करता येतं, असं लेकीने शिकवलं. रात्री भांडी आवरून मी मोबाइलशी बोलायला बसले. "राणी टाक्यात उतरली," असं म्हटलं की तो लिहायचा, "राणी ट्रकात उतरली." यांनी ते वाचलं आणि दोन दिवस हसत होते.

यात मी काही जगावेगळं केलं असं मुळीच नाही. उलट अद्भुताचा इतिहास बघाल तर तो नोकरदारांनी आणि संसारी माणसांनीच भरलेला आहे. टॉल्किन ऑक्सफर्डला प्राध्यापक होते, चार मुलांचे बाप. घरखर्चाला हातभार म्हणून उन्हाळ्यात शाळकरी मुलांच्या उत्तरपत्रिका तपासायचे. तशाच एका गठ्ठ्यात एक पान कोरं निघालं आणि त्या पानावर त्यांनी ‘हॉबिट’चं पहिलं वाक्य लिहून टाकलं. ते पुस्तक १९३७ साली आलं. पुढचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहायला त्यांना जवळजवळ बारा वर्षं लागली आणि छापून यायला १९५४ साल उजाडलं. तेव्हा माझ्या चार वर्षांचं काय घेऊन बसलात!

आपल्याकडे तर ही वाट फार जुनी. मराठी कादंबरीच्या अगदी सुरुवातीच्या काळातच अद्भुतरम्य कादंबरी आली. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची. नंतर नाथमाधव आले. शिकारीला गेले असताना कड्यावरून पडून त्यांचं कंबरेखालचं शरीर निकामी झालं होतं. अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने ‘वीरधवल’सारखी कादंबरी लिहिली आणि घराघरांतून लोक ती वाचत बसले. माझ्या आजोळी तिची एक पुठ्ठा गेलेली प्रत होती. आजी ती पोथीच्या फडक्यात बांधून ठेवायची, त्यामुळे कितीतरी वर्षं मला तो धर्मग्रंथच वाटत होता.

आणि जयंत नारळीकर. त्यांची गोष्ट विज्ञानकथेची आहे, अद्भुताची नव्हे, पण संसाराच्या दृष्टीने मला फार आवडते. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. नारळीकरांना नाव सांगून बक्षीस मिळवायचं नव्हतं. म्हणून त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी केली आणि ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून ती लिहून काढली मंगलाताईंनी. त्या स्वतः गणितज्ञ, घरात त्यांची स्वतःची कामं काही कमी नसणार. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. प्रत्येक लिहिणाऱ्याच्या मागे असं उतरवून काढणारं एक अक्षर असतं का, हा प्रश्न मला त्या गोष्टीवरून नेहमी पडतो. माझ्या बाबतीत ते नव्हतं, असंच मी बरीच वर्षं समजत होते.

असो. पुस्तक लिहून झालं आणि खरी शर्यत पुढे आहे हे कळलं.

तीन प्रकाशकांकडे हस्तलिखित पाठवलं. एकाचं उत्तर आलं नाही. दुसऱ्यांनी प्रेमाने चहा पाजला आणि सांगितलं, की राणी काढून टाका, पाणीटंचाईवर सामाजिक कादंबरी करा, लगेच छापतो. तिसऱ्यांनी छपाईचा पूर्ण खर्च मागितला. खर्च मीच करायचा तर मीच छापते, असं म्हणून २०२३ साली मी उडी मारली. दोनशेआठ पानं, पाचशे प्रती, मुखपृष्ठासकट अठ्ठावन्न हजार रुपये. ते माझ्या पाटल्यांमधून आले. (पाटल्या आईने दिलेल्या होत्या. हे वाक्य लिहितानाही हात जरा अडखळतो.) आयएसबीएन नंबर मात्र फुकट मिळाला. तो मिळवून देण्याचे पैसे मागणारे लोक आहेत, त्यांच्या नादी लागू नका. दिल्लीच्या राजा राममोहन राय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज केला की तो विनामूल्य मिळतो.

अठ्ठावन्न हजार भागिले पाचशे म्हणजे प्रत पडली एकशेसोळा रुपयांना. किंमत ठेवली अडीचशे. विक्रेत्याने चाळीस टक्के मागितले, म्हणजे शंभर त्याचे. माझ्या हातात दीडशे. त्यातून छपाई गेली की चौतीस रुपये राहिले. यात प्रती दुकानापर्यंत नेण्याचं रिक्षाभाडं धरलेलं नाही. पतपेढीत बावीस वर्षं काढलेल्या बाईने हा हिशेब छपाईआधी करायला हवा होता, हे मान्य!

पुस्तकं आली त्या दिवशी दिवाणखाना गठ्ठ्यांनी भरला. सासूबाईंनी चष्म्यातून बघितलं आणि विचारलं, "एवढी कोण घेणार?" मी चिडले. पण तोच प्रश्न मलाही रात्रभर छळत होता.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुखपृष्ठ टाकलं. सेहेचाळीस अंगठे आले, अकरा फुलांचे गुच्छ आले आणि दोन प्रती खपल्या. एकाने लिहिलं, "भेट द्या की वहिनी!" नातेवाइकांत तर उलटाच प्रकार. लग्नाच्या पंगतीत मी समोर दिसले की माणसं ताटाकडे बघू लागली. मला कळेना, की गेली वीस वर्षं याच लोकांना मी न विचारता आवळ्याचं लोणचं भरभरून देत होते, आज अडीचशे रुपये मागताना जीभ का जड होते? लोणच्यासारखं फुकट वाटावं, तर लोक घरी नेऊन फडताळात ठेवतात, वाचत नाहीत. विकावं, तर आपण भिकारी वाटतो. आपल्याकडे लिहिणाऱ्या बाईचं कौतुक असतं, विकणारीचं नसतं.

या बाबतीत मी दोन माणसांकडून शिकले. पहिले देवकीनंदन खत्री. हो, तेच ‘चंद्रकांता’वाले. १९९४ साली दूरदर्शनवर ती मालिका लागायची आणि क्रूरसिंहाच्या ‘यक्कू’वर घरातली पोरं वेडी व्हायची, ते आठवत असेल. मूळ कादंबरी १८८८ सालची. खत्री काही पोटापाण्याने साहित्यिक नव्हते. बनारसजवळच्या चकिया आणि नौगढच्या जंगलांचे ठेके घ्यायचे. कामासाठी रानातून, पडक्या किल्ल्यांतून हिंडायचे आणि तेच किल्ले पुढे तिलिस्म झाले. म्हणजे बघा, ठेकेदारीने त्यांचा लिहिण्याचा वेळ खाल्ला असेल, पण अख्खी कादंबरी त्या ठेकेदारीनेच दिली. ‘चंद्रकांता’ चार भागांची आणि पुढची ‘चंद्रकांता संतति’ चोवीस भागांची. एक भाग संपताना पाय अशा ठिकाणी अडकलेला, की दुसरा भाग घेतल्यावाचून सुटका नाही. ती वाचता यावी म्हणून कितीतरी लोक हिंदी शिकले, असं हिंदीच्या इतिहासात नोंदवलेलं आहे. नंतर त्यांनी बनारसला स्वतःचा छापखानाच काढला, लहरी प्रेस.

दुसरे अगदी आजचे. अमीश त्रिपाठी विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. ऑफिसला जाता-येता मोटारीच्या मागच्या सीटवर लिहायचे. ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ वीसेक प्रकाशकांनी नाकारली. शेवटी २०१० साली त्यांच्या एजंटानेच ती काढली. तेव्हा त्यांनी काय केलं? पहिलं प्रकरण वेगळं छापून घेतलं आणि पुस्तकांच्या दुकानांत काउंटरवर फुकट ठेवलं. बिल करताना गिऱ्हाईक उचलून नेई. घरी जाऊन वाची आणि पुढे काय झालं म्हणून परत येई. लाखांनी खप झाला. पण या माणसाचा मला आवडलेला भाग निराळाच आहे. रॉयल्टीचा चेक पगाराहून मोठा झाला, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. त्याआधी नाही.

मी पहिलं प्रकरण छापून वाटू शकत नव्हते. पण शाळांमध्ये जाऊन सांगू शकत होते. मुख्याध्यापकांना फोन केले, शनिवारी एक तास मागितला. सातवी-आठवीची मुलं. अर्ध्यावर गोष्ट आणायची आणि थांबायचं. पहिल्याच शाळेत एकोणीस प्रती गेल्या. मग मला नादच लागला. ठाणे, कल्याण, बदलापूर. रविवारी पुस्तक प्रदर्शनं. यांना म्हणायचे, "डबा फ्रीजमध्ये आहे." सहा महिन्यांत दोनशे प्रतींच्या वर खपल्या आणि घरात काय चाललं आहे याकडे माझं लक्ष उरलं नाही. लेक नववीत. तिच्या चाचणीत गणिताचे मार्क घसरले ते मला पंधरा दिवसांनी कळलं.

जानेवारी २०२४मधला एक रविवार. मी पुण्याला एका वाचनालयात कथाकथनाला गेले होते. हे नाशिकला, ऑफिसच्या कामाला. घरी सासूबाई आणि लेक. कार्यक्रमात व्यत्यय नको म्हणून मोबाइल मुका करून पर्समध्ये ठेवला. पोरं मस्त रंगली होती. मी राणीचा आवाज काढून सांगत होते, टाळ्या पडत होत्या. दीड तासाने पर्स उघडली. लेकीचे अकरा मिस्ड कॉल.

सासूबाई न्हाणीघरात घसरल्या होत्या. मनगट मोडलं. चौदा वर्षांच्या पोरीने शेजारच्यांना उठवलं, रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं, फॉर्मवर आजीचं वय अंदाजाने लिहिलं. मी घरी पोचले तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. सासूबाई प्लास्टरचा हात उशीवर ठेवून झोपल्या होत्या आणि लेक त्यांच्या पायाशी बसली होती. ती मला काही बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. पिशवीत त्या दिवशी विकलेल्या तेरा प्रतींचे पैसे होते. ते मी मोजलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी उरलेले सगळे गठ्ठे दिवाणाखाली सारले. शाळांचे तीन कार्यक्रम रद्द केले. आठ महिने मी पुस्तकाचं नाव काढलं नाही.

इथे वाचक म्हणतील, की एका अपघाताने एवढं कशाला मनाला लावून घ्यायचं? पुरुष कामाला बाहेर गेला आणि आई पडली, तर तो व्यवसाय बंद करतो का? प्रश्न रास्त आहे. त्या दिवशी हेही घरी नव्हते आणि त्यांना कुणी काही विचारलं नाही. मलाही ते कळत होतं. पण मला बोचत होतं ते घरी नसणं नव्हे, मोबाइल मुका करणं होतं. नळाच्या राणीला मी पानोपानी तिच्या प्रजेचे हिशेब विचारत होते आणि माझ्याच घरची हाक मी स्वतःच्या हाताने बंद करून ठेवली होती.

प्लास्टरमध्ये सासूबाईंचे सहा आठवडे फार कंटाळ्यात गेले. वाती वळता येईनात, भाजी निवडता येईना. टीव्हीवरच्या मालिकांना त्या नावं ठेवायच्या. एका संध्याकाळी मी कामावरून आले तर हे त्यांच्या पलंगापाशी बसून माझं पुस्तक मोठ्याने वाचत होते. मी चपला काढायच्या थांबले. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "थांब. ती म्हातारी खोटं बोलते आहे. मागच्या खेपेला तिने दोन हंडे म्हटलं होतं." बरोबर होतं त्यांचं! पाचशे प्रती छापून झाल्या, दोनशेहून अधिक लोकांनी विकत घेतल्या, प्रूफं तीनदा तपासली आणि ती चूक पकडली सातवी शिकलेल्या माझ्या सासूबाईंनी, एका हाताच्या बोटांवर हंडे मोजून.

पुस्तक संपल्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या, "बरं आहे. पण शेवट घाईने केलास."

नंतर जे झालं ते मी योजलेलं नाही. प्लास्टर निघालं, बाईंचं भजनी मंडळात जाणं पुन्हा सुरू झालं. गुरुवारी भजन झालं की चहाला अर्धा तास बायका बसतात. तिथे सासूबाईंनी राणीची गोष्ट सांगायला घेतली. दर गुरुवारी थोडी. नायिका सातव्या टाक्यात पहिल्यांदा डोकावते आणि पाण्यात तिला स्वतःच्या ऐवजी आईचा चेहरा दिसतो, तिथपर्यंत आणून एका गुरुवारी त्या उठल्या आणि म्हणाल्या, "पुढचं पुस्तकात आहे. अडीचशे रुपये. मंडळाला दोनशेत देईन." खत्रींचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. वेताळ दर वेळी झाडावर परत जातो, हे मात्र चांदोबा वाचणाऱ्या प्रत्येक पिढीला माहीत असतं.

त्या सप्टेंबरात दिवाणाखालचा एक गठ्ठा सुटला. एकट्या मंडळात अडतीस प्रती गेल्या. त्यातल्या काही बायकांच्या सुना, काहींच्या बहिणी इंदूर-बडोद्याला. तिकडून पत्ते येऊ लागले. पैसे मागताना सासूबाईंची जीभ जड होत नाही. मी विचारलं, "आई, तुम्हाला संकोच नाही वाटत?" तर म्हणाल्या, "साडी दाखवतो तसं दाखवायचं. घ्यायची तर घ्या, नाहीतर घडी घाला."

आता मी पुन्हा जाते, पण महिन्यातून एकच रविवार, आणि हे घरी असतील तोच. मोबाइल टेबलावर, आवाज चालू. एकदा भर गोष्टीत वाजला. मी उचलला, मुलांना सांगितलं, "घरून आहे," आणि बोलले. गोष्ट त्यामुळे थांबली, आणि मुलं अधिकच गप्प बसून राहिली. लग्नाच्या पंगतीत पुस्तकाचा विषय काढायचा नाही, असंही ठरवलं आहे. त्याऐवजी दरवर्षी जूनमध्ये त्याच राज्यातली एक छोटी गोष्ट दिवाळी अंकांना पाठवते. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस दिवाळीत फराळाबरोबर गोष्ट विकत घेतो. तिथे मागायला लाजावं लागत नाही. मागच्या वर्षी एक गोष्ट छापून आली, तिच्यावरून नऊ जणांनी पुस्तक मागवलं.

टपालाचा खर्च हे एक दुखणं होतं. रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४मध्ये बंद झालं तेव्हा मी कपाळाला हात लावला. मे २०२५मध्ये टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली. सुरुवातीचा दर तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये होता. माझं पुस्तक पाकिटासकट दोनशे नव्वद ग्रॅम भरतं. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं होतं, "ज्ञानाचं आहे का?" मी म्हटलं, "पाण्याचं आहे." त्यांनी शिक्का मारला.

पाकिटं करायचं काम लेकीने घेतलं आहे, एका पाकिटाला दहा रुपये. चिकटपट्टी सरळ लावते, पत्ता सुवाच्य लिहिते, वहीत नोंद ठेवते. पुस्तक तिने अजून वाचलेलं नाही. मी एकदाच विचारलं. ती म्हणाली, "वाचेन. पण मला ते उघडलं की तो रविवार आठवतो." त्यावर मी पुन्हा विचारलेलं नाही. तिचं अक्षर फार सुंदर आहे, आणि आजवर शंभरावर पाकिटांवर ते लांब लांब गेलं आहे.

दिवाणाखाली आता त्र्याऐंशी प्रती उरल्या आहेत. पाटल्या काही परत आलेल्या नाहीत. दुसऱ्या कादंबरीची सव्वीस पानं दुधाच्या वहीत मागून भरली आहेत आणि डोंबिवलीची स्लो चालूच आहे. तिच्यात राणीची आई आजारी पडते. हे सासूबाईंना कुठून कळलं कोण जाणे. बहुधा वही बघितली असणार. काल रात्री ताक करता करता म्हणाल्या, "हे बघ, म्हातारीला मारू नकोस हं. मी मंडळात सांगून बसले आहे, की ती बरी होते."

"आई, अजून मीच ठरवलेलं नाही."

"मग ठरव. गुरुवार परवावर आला."